दानाचा योग आणि क्षेम

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ही दोन कार्ये ज्याने एकदा पार पाडली त्यास खर्च या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही, असा तिचा भावार्थ. अलीकडच्या काळात या दोहोंत तिसऱ्या एका कार्याची भर पडली आहे. ते म्हणजे अवयवाचे प्रत्यारोपण. पहिल्या दोन कार्यांचा खर्च कितीही अवाढव्य असला तरी त्यास शेवट असतो. मांडव उतरतो, कर्ज फिटते. तिसऱ्याचे तसे नाही. तेथे खरा खर्च कार्य पार पडल्यानंतर सुरू होतो आणि माणूस जगेल तितके दिवस चालतो. किंबहुना तो चालतो म्हणूनच माणूस जगतो. या न संपणाऱ्या खर्चाचा भार न्यायतः कोणी वाहावा, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटेल. आमच्या मते तो नीतीचा आहे, आणि तो तसा का, हे येथे सांगण्याचा विचार आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे ग्रंथांतून आला नाही, शेजारातून आला. आम्ही उलवे येथे राहतो. एके काळी जेथे भातखाचरे, मिठागरे आणि खाडीकाठची खारफुटी होती, तेथे आज उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. २०१८ साली खारकोपरपर्यंत रेल्वे आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि उलव्याची टेकडी कापून सपाट केलेल्या भूमीवरील विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. आमच्या ओळखीची बहुतेक कुटुंबे नोकरदार असून त्यांची घरे पंधरा-वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेली आहेत. अशा वस्तीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरी एक छोटेसे अंदाजपत्रक मांडले जाते, आणि त्यातील एखादी रक्कम जागची हलली की साऱ्या घराचा तोल हलतो.

आमच्याच इमारतीत एक गृहस्थ राहतात. न्हावा-शेवा बंदराच्या व्यवहाराशी संबंधित एका कचेरीत ते नोकरीस आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. वर्षभर आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक खेपेस चार-चार तास, यंत्राकडून रक्त शुद्ध करून घेतल्यावर त्यांच्या पत्नीने त्यांस आपले एक मूत्रपिंड दिले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दोघे घरी परतली त्या दिवशी जिन्यात रांगोळी काढली होती आणि सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले होते. त्या पेढ्यांचा वाटा आम्हीही घेतला, आणि इतरांप्रमाणे आमचाही समज झाला की प्रकरण सुखरूप संपले.

या गृहस्थांस जमाखर्चाची वही ठेवण्याची सवय आहे. पुढे स्नेह वाढला तेव्हा त्यांनी ती आम्हांस दाखविली. डाव्या पानावर घराच्या कर्जाचे हप्ते, उजव्या पानावर गोळ्या व रक्ताच्या तपासण्या. गोळ्यांचा व तपासण्यांचा आकडा महिन्यास दहा-बारा हजार रुपयांच्या आसपास. "डाव्या पानाला शेवट आहे," ते म्हणाले, "किती हप्ते उरले ते मी सांगू शकतो. उजव्या पानाचा शेवट म्हणजे माझाच शेवट." हे त्यांनी हसत सांगितले, म्हणून आम्हीही हसलो. परंतु ज्या वर्षी मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे होते त्या वर्षी त्यांनी कोणासही न सांगता रात्रीची गोळी एक दिवसाआड घेण्यास आरंभ केला. दोन-तीन महिन्यांनी तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसले, रुग्णालयात दाखल व्हावे लागले, आणि गोळ्यांत जे काही थोडे हजार वाचले होते त्याच्या कित्येक पट रक्कम पंधरा दिवसांत गेली. मूत्रपिंड वाचले, मात्र पूर्वीइतके ते राहिले नाही.

पत्नीने घरी आल्यावर कपाटातील गोळ्यांची पाकिटे मोजली आणि हिशेब लावला. नंतर जे बोलणे झाले ते आमच्यासमक्ष झाले. "अहो, गोळ्या तुमच्या असतील," त्या म्हणाल्या, "पण ज्याच्यासाठी घेता ते मूत्रपिंड माझे आहे. ते वाया घालवण्याचा तुम्हांला काय अधिकार?" गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बापाच्या गोळ्यांनी मुलीचे शिक्षण गिळले, असे व्हायला नको होते." यावर कोणी काही बोलले नाही. मुलगी आतल्या खोलीत होती. तिने ते ऐकले असेलच.

आम्ही या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला. दान देणाऱ्या पत्नीचे म्हणणे खोटे आहे असे कोणास म्हणता येईल? जे तिने आपल्या देहातून काढून दिले त्याची राखण व्हावी, एवढेच ती मागत होती. उलटपक्षी पित्याचे म्हणणे तरी खोटे कसे म्हणावे? आपल्या जगण्यासाठी लेकराचे भविष्य खर्ची घालू नये असे वाटणे, हा काही दुर्गुण नव्हे. दोन सज्जन माणसे आपापल्या परीने बरोबर असूनही जेव्हा एकमेकांपुढे फिर्यादीसारखी उभी राहतात, तेव्हा अपराध त्या घरात शोधून उपयोग नाही. तो घराबाहेर कोठे तरी असला पाहिजे.

तो कोठे आहे हे पाहण्यासाठी हा खर्च मुळात का होतो ते समजून घेतले पाहिजे. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे जे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले ते एकसारख्या जुळ्या भावांत. दाता आणि घेता यांचे शरीरद्रव्य एकच असल्याने घेणाऱ्याच्या देहास नवा अवयव परका वाटला नाही. इतर सर्वांच्या बाबतीत देह आपला धर्म सोडीत नाही. बाहेरून आलेले ते परके, मग ते पत्नीने दिलेले असो की मातेने, असे मानून तो त्यावर तुटून पडतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे केपटाऊनच्या डॉ. बर्नार्ड यांच्या प्रयोगानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, हृदयाचे प्रत्यारोपण करण्याचे धाडस केले. रोगी काही तासच जगला. शल्यचिकित्सकाचा हात त्या काळीही पुष्कळ पुढे गेला होता. देहाची समजूत घालण्याची विद्या मागे राहिली होती. ती पुढे सायक्लोस्पोरिन या औषधाने आली. एका बुरशीपासून मिळालेले हे औषध १९८३ साली अमेरिकेत मान्य झाले. त्यानंतर जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या सूक्ष्म जंतूपासून टॅक्रोलिमस मिळाले, आणि आज बहुतेक रोग्यांच्या हाती तेच असते. ही औषधे देहाचा विरोध मोडून काढीत नाहीत. तो केवळ दाबून धरतात. हात सैल झाला की विरोध पुन्हा उसळतो. म्हणून गोळी रोज घ्यावयाची, ठरल्या वेळी घ्यावयाची, आणि अवयव चालेल तितकी वर्षे घ्यावयाची. शिवाय विरोध दबला म्हणजे रोगजंतूंचा प्रतिकारही दबतो, काहींस मधुमेह जडतो, आणि त्या प्रत्येकाचा खर्च उजव्या पानावरच चढतो. यावरून हे ध्यानात येईल की गोळी ही प्रत्यारोपणानंतरची बाब नसून प्रत्यारोपणाचाच अंश आहे. शस्त्रक्रिया एका दिवशी आटोपते. प्रत्यारोपण मात्र रोज सकाळ-संध्याकाळ नव्याने करावे लागते.

आपल्या शास्त्रकारांनी योगक्षेम या शब्दाची फोड मोठ्या मार्मिकतेने केली आहे. जे आपणांजवळ नाही ते मिळणे हा योग आणि जे मिळाले आहे त्याचे रक्षण होणे हा क्षेम. आम्हांस असे दिसते की अवयवदानाच्या बाबतीत आपल्या समाजाने योगाचा उत्सव मांडला आणि क्षेमाचा विसर पाडला. अवयव घेऊन धावणाऱ्या गाडीसाठी रस्ते मोकळे केले जातात, दात्यांच्या कुटुंबांचे सत्कार होतात, दधीची आणि शिबी यांच्या कथांची आठवण दिली जाते. आणि हे सर्व योग्यच आहे. परंतु दधीचीच्या अस्थींचे वज्र घडविल्यावर ते गंजत पडू देण्याची मुभा इंद्रास होती काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे खरे. पण तिचा चारा मोजावाच लागतो.

येथे कायद्याचा विचार करणे अवश्य आहे. १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला व १९९५ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. त्याने मेंदूमृत्यूस मान्यता दिली आणि अवयवांची खरेदी-विक्री दंडनीय ठरविली. त्यापूर्वी गरिबांच्या मूत्रपिंडांचा जो बाजार चाले तो आठवला म्हणजे हा निर्बंध किती न्याय्य होता हे सांगावयास नको. मनुष्याचा अवयव अमूल्य आहे, म्हणून त्यास मोल लावू नये, हे तत्त्व आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु त्या तत्त्वातून आपण नकळत एक चुकीचे अनुमान काढले. अवयव अमूल्य, म्हणून त्याच्या निगराणीचा खर्चही कोणाचाच नाही, असा व्यवहार रूढ झाला. ज्या वस्तूची किंमत करणे समाजास निषिद्ध वाटते, तिची राखण करणे समाजास बंधनकारक वाटले पाहिजे. दान म्हणून ती बाजाराबाहेर काढावयाची, आणि तिचा क्षेम मात्र बाजारभावाने विकत घ्यावयास लावावयाचे, यास सुसंगती म्हणत नाहीत.

शासन काहीच करीत नाही असे आमचे म्हणणे नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेखाली मूत्रपिंड प्रत्यारोपणास साहाय्य मिळते. २०२३ च्या निर्णयाने त्याची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली. केंद्राच्या कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रोग्यांस या गोळ्यांसाठी दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ही तरतूद करणाऱ्यांस प्रश्न कळला होता, याबद्दल आम्हांस शंका नाही. परंतु दारिद्र्यरेषेच्या किंचित वर, हप्त्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाचे काय? तो मदतीइतका गरीब नाही आणि गोळ्यांइतका श्रीमंत नाही. त्याच्यापुढे एक विचित्र मार्ग खुला असतो: आधी घर विकून दरिद्री व्हावे आणि मग मदतीस पात्र ठरावे.

यावर विचारी वाचक एक गंभीर आक्षेप घेतील, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सार्वजनिक द्रव्य मर्यादित आहे. एका मनुष्याच्या आयुष्यभराच्या गोळ्यांच्या रकमेत कितीतरी बालकांचे पोषण होईल, कितीतरी क्षयरोगी बरे होतील. शिवाय हा खर्च साचत जाणारा आहे. भारतात २०१३ साली सर्व मिळून ४,९९० अवयव प्रत्यारोपणे झाली. २०२३ साली तीच संख्या १८,३७८ झाली. शस्त्रक्रिया जितक्या यशस्वी होतील तितकी गोळ्या घेणाऱ्यांची रांग लांबणार. मग थोड्यांच्या जीवितासाठी पुष्कळांच्या आरोग्यावर पाणी सोडावे काय?

या आक्षेपात एक गोष्ट आम्ही निर्विवाद मान्य करतो. मूत्रपिंडे निकामी होण्याची मोठी कारणे मधुमेह आणि रक्तदाब ही असून त्यांची वेळीच तपासणी करणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत शहाणपणाचा खर्च होय. परंतु ज्याची मूत्रपिंडे गेली आहेत त्याच्यापुढे खर्च की बचत असा पर्यायच नसतो. गोळ्या बंद पडल्या की अवयव जातो, आणि अवयव गेला की तो मनुष्य पुन्हा यंत्राकडे येतो. गरिबांच्या त्या यंत्रोपचाराचा खर्च सरकार २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली करीतच आहे. पहिली एक-दोन वर्षे सोडली तर यंत्रापेक्षा चालते मूत्रपिंड सांभाळणे स्वस्त पडते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. अमेरिकेने या बाबतीत एक बोधप्रद चूक केली. तेथे १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंडाच्या रोग्यांचा भार सरकारने उचलला. परंतु वृद्ध वा अपंग नसलेल्या रोग्यांस गोळ्यांचे साहाय्य प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी थांबे. म्हणजे अवयव नाकाम झाल्यावर यंत्राचे पैसे सरकार वाटेल तितकी वर्षे देणार, पण तो नाकाम होऊ नये म्हणून लागणारी गोळी तीन वर्षांपुढे देणार नाही! हे शहाणपण सुधारण्यास २०२० सालचा कायदा व्हावा लागला आणि त्याची अंमलबजावणी १ जानेवारी २०२३ पासून झाली. एवढ्या संपन्न राष्ट्रास जे उमगावयास अर्धशतक लागले, ते आमच्या शेजाऱ्यांच्या वहीत एका वर्षात सिद्ध झाले होते.

कोणी म्हणेल, मग ज्यांस क्षेम परवडेल त्यांचाच योग घडवावा. हा तोडगा दिसावयास सरळ आहे, परंतु त्याचा परिणाम भयंकर आहे. मृत्यूनंतर अवयव देणारी कुटुंबे एकाच वर्गातील नसतात. रस्त्यावर अपघातात मेंदूमृत्यू पावलेला मजूर असतो, त्याची पत्नी दुःखातही संमती देते. घेणारे जर केवळ गोळ्या परवडणारेच ठरले तर दान खालून वर वाहू लागेल. गरिबाने द्यावे आणि श्रीमंताने घ्यावे, अशी ती रीत होईल. कायद्याने बंद केलेला बाजारच तो, केवळ पैशांचे नाव न घेता चाललेला. जिवंतपणी देणाऱ्यांतही असाच एक कल आहे. आपल्या देशात देणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अवयव देणाऱ्या आपल्या नोकरांस ४२ दिवसांपर्यंतची विशेष रजा दिली; परंतु जी स्त्री घरकाम करते, शिवणकाम करते, डबे देते, तिचे बुडालेले दिवस कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत. आमच्या शेजाऱ्यांच्या वहीतही पत्नीच्या नावाचे पान नव्हते, हे आम्हांस पुष्कळ उशिरा लक्षात आले.

एकदाच दिलेल्या मोबदल्याने दीर्घकालीन ऋण फिटत नाही, हे तत्त्व निदान उलव्याच्या मातीस तरी नवे नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात येऊ लागल्या. एकदा पैसे चुकते केले की संबंध संपला, असा तो व्यवहार होता. जमीन गेली की पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका जाते, तिची भरपाई एका रकमेने कशी होणार, असे शेतकऱ्यांनी विचारले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात जे आंदोलन झाले त्यात पाच जण गोळीबारास बळी पडले. पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ धन्यास परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. आज उलव्यातील कित्येक इमारती अशा साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. जे भूमीच्या बाबतीत समाजास कळले ते देहाच्या बाबतीत कळू नये, असे काही कारण नाही. ज्याच्या त्यागावर आपण काही उभारतो त्याच्याशी आपला हिशेब एका दिवसात मिटत नाही.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे आहे. प्रत्यारोपणास समाजाने एकदा मान्यता दिली, त्यासाठी कायदा केला, दान मागितले, की अवयव जिवंत राखणारी गोळी ही त्या दानाचाच भाग झाली. ती उत्पन्नाचा दाखला न मागता, अवयव चालेल तितकी वर्षे, सार्वजनिक रुग्णालयातून मिळाली पाहिजे. आणि जिवंत दात्याचे बुडालेले वेतन व पुढील तपासण्या यांचा भारही त्याच खात्यावर पडला पाहिजे. यास कोणी दया म्हणेल. दयेचा यात संबंध नाही. घेतलेल्या ठेवीची ही राखण आहे. हे होईपर्यंत आपण सुस्थित कुटुंबांनी एवढे तरी करावे की अवयवदानाचा अर्ज भरताना, किंवा कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी देताना, पुढील वर्षाच्या गोळ्यांची विचारपूस करावी. शस्त्रक्रियेच्या वेळी धावून येणारे पुष्कळ असतात. चौथ्या वर्षी आठवण ठेवणारे थोडे.

आमचे शेजारी आता गोळ्या नियमाने घेतात. मुलगी महाविद्यालयात जाते. तिच्या शुल्कासाठी पत्नीने आपल्या बांगड्या मोडल्या. मागल्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा वही मेजावर उघडी होती. उजवे पान आता मुलगी लिहिते, आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी उरलेल्या गोळ्या मोजून त्यांची संख्या खाली मांडते. आईने दिलेल्या वस्तूवर पहारा देण्याचे काम लेकीने पत्करले आहे. तिचे अक्षर सुरेख आहे. ते पाहून आम्हांस आनंद झाला असे आम्ही म्हटले असते. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलीने रोज रात्री बापाच्या गोळ्या मोजाव्यात, एवढे मोठे काम आपण सर्वांनी मिळून तिच्यावर टाकले आहे, हे मनातून जाईना.